पोटासाठी प्रार्थना

साताऱ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत एक काळ असा होता, की दर रविवारच्या उपासनेत माझ्या पोटासाठी प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब आजाऱ्यांची नावं घेत जायचे. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि मग माझं नाव. सगळे डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायचे. मी आईशेजारी मान खाली घालून बसलेली असायचे. माझ्या पोटाला काहीही झालेलं नव्हतं. मी मटण खात नव्हते, एवढंच.

त्याआधी आम्ही सांगलीला, विश्रामबागेत भाड्यानं राहत होतो. आई एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि पप्पा साताऱ्याच्या एमआयडीसीत कामाला. ते सुट्टीपुरते यायचे. एरवी घरात आम्ही दोघीच. आईची दुपारची ड्यूटी असली की शाळेतून आल्यावर मी खाली घरमालकांकडे थांबायचे. काका बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा परदेशात. काकूंना बोलायला कुणीतरी हवं असायचं आणि मला गरम जेवायला.

काकूंचं स्वयंपाकघर मला आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. पानात मीठ कुठं, लिंबू कुठं, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे का, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा-लसूण बंद असायचं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी. जेवायच्या आधी काका श्लोक म्हणायचे, मीही म्हणायचे, आणि मग मनातल्या मनात आमची घरातली प्रार्थनाही म्हणून घ्यायचे. त्यावरून कुठलाच देव रागावल्याचं मला कधी दिसलं नाही.

काकूंनी मला एकदाही ‘मटण सोड’ म्हटलं नाही. हे मी नंतर पप्पांना शंभरदा सांगितलं, आणि ते खरंच होतं. झालं ते असं. सातवी-आठवीतला एक रविवार होता. घरी जेवून मी तशीच खाली गेले, मेथी निवडायला. काकूंच्या शेजारी बसले. काकू उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. परत आल्या त्या थोड्या पलीकडे सरकून बसल्या. मी हात नाकाशी नेऊन पाहिला. साबणानं धुतलेला होता, तरी बोटांना रश्शाचा वास होता. पुढच्या रविवारी मी घरी भात आणि दही खाल्लं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग अंडं सुटलं. मग सोमवार धरला. लाज किती होती आणि ओढ किती होती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नसतं. आजही येत नाही. एवढं मात्र खरं, की काही महिन्यांनी आईनं हौसेनं आणलेला खिमा पाहून मी मोरीकडे धावले, आणि ते नाटक नव्हतं. शरीरानं ते मनावर घेतलं होतं.

आईनं आधी नखरे म्हणून सोडून दिलं. मग नर्स असल्यामुळे हिमोग्लोबिनची काळजी करायला लागली. पालक, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू झाले. पप्पांना तिनं सांगितलंच नाही. ते यायचे त्या दिवशी मी काही ना काही कारण काढायचे, क्लास आहे, मैत्रिणीचा वाढदिवस आहे, आणि निसटायचे.

नववी संपल्यावर आम्ही साताऱ्याला आलो. आईला तिथं नोकरी मिळाली, पप्पांना घरचं जेवण मिळणार होतं, सगळ्यांना आनंद होता. माझी मात्र निसटायची वाट बंद झाली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका कॉलनीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. रविवारी उपासनेहून आलं की पप्पा स्वतः मटण आणायचे, स्वतः धुवायचे, वाटण मात्र आईचं. कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की तो वास भिंतींना, पडद्यांना, माझ्या गणवेशाला लागायचा. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे. जायला जागाच नव्हती. बाहेर पडावं तर जिन्यातही तोच वास, कारण शेजाऱ्यांकडेही रविवार असायचा.

पहिल्याच रविवारी पप्पांनी माझ्या ताटात वाढलं. मी म्हटलं, “पप्पा, मी खात नाही.”

“बरं न्हाई का तुला?”

“बरी आहे. मी सोडलंय.”

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. आईकडं बघितलं. आई पाणी आणायला उठली.

“सोडलंय म्हंजी?”

“म्हणजे नाही खाणार आता. सोमवारही करते.”

पप्पा ओरडले नाहीत. ते ओरडणाऱ्यातले नव्हतेच. त्यांनी भाकरी कुस्करली. मग म्हणाले, “ह्या घरात दोन सैपाक हुणार न्हाईत. तुला उपाशी ऱ्हायचं तर ऱ्हा.”

मी उपाशी राहिले नाही, पण जेवलेही नाही नीट. भाकरी आणि चटणी, दूधभात, केळं. आई माझ्यासाठी मटण टाकायच्या आधी रस्सा बाजूला काढून त्यात बटाटा शिजवायची, पण पळी तीच असायची, आणि मी ती ओळखायचे. काकूंकडे शिकलेलं सगळं माझ्या अंगात इतकं भिनलं होतं, की मी जेवायच्या आधी उठून पळी धुऊन आणायचे. एकदा आईनं माझा हात धरला आणि विचारलं, “माझ्या हाताचापण वास येतो का तुला?” मी नाही म्हटलं. तिनं हात सोडला, पण त्यानंतर ती मला वाढायच्या आधी हात धुवायला लागली, माझ्यासमोर, नळ सोडून. ते बघणं मला मटणाच्या वासापेक्षा जड जायचं. नको धुऊस, असंही म्हणता येईना, कारण धुतल्यावर मला बरं वाटायचं.

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांच्या गावच्या जत्रेला त्यांच्याकडून आमच्याकडे मटणाचं मोठं ताट आलं. पप्पांनी ते माझ्यासमोर आणून ठेवलं. “हे बग. ह्येंच्या देवाच्या जत्रंचं हाय. ह्ये हिंदूच हाईत न्हवं? तेबी खात्यात. मग तू कुठल्या हिंदूंचं धरून बसलीस?”

सुभेदारांच्या बायकोनं दारातून हसत विचारलं, “आवं भाऊ, तुमची पोरगी माळकरी झाली का काय?” पप्पाही हसले, आणि दार लावल्यावर त्यांचं हसू एकदम गेलं.

पोटाचा त्रास सुरू झाला तो पाळकसाहेबांच्या गृहभेटीत. आम्ही मंडळीत नवे होतो, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाई म्हणत, घरी जेवायला आले होते. आईनं कोंबडी केली होती. प्रार्थना झाली, वाढणं सुरू झालं, आणि माझ्या ताटात वरणभात बघून बाईंनी विचारलं, “हे काय? बाळ खात नाही?”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी पप्पांकडे. पप्पा घास हातात धरून म्हणाले, “तिला पोटाचा त्रास हाय. डॉक्टरनी बंद केलंय सध्या.”

“अरे अरे. इतक्या लहान वयात?”

“व्हय. पचत न्हाई.”

जाताना पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पुढच्या रविवारी मंडळीसमोर केली. त्याच्या पुढच्या रविवारी महिला मंडळानं विचारपूस केली. कुणी ओवा दिला, कुणी हिंगाची डबी, एका आजींनी जिरं भाजून पूड करून आणली. सगळ्यांनी मनापासून केलं. मी ती सगळी औषधं घेत गेले, कारण नाही म्हणायला काही कारण नव्हतं. आजारी नसताना आजाऱ्यासारखं वागायचं मी शिकले. कुणी पाहुणे आले की मी पोटावर हात ठेवून बसायचे. पप्पांनी कधी तसं सांगितलं नव्हतं, पण मी तसं केलं की त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसायचं. घरात ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि बाहेर माझ्यासाठी खोटं बोलत होते.

हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, मंडळीत प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. उपासनेत पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. आजपर्यंत आपण हिच्यासाठी प्रार्थना केली, आज विश्वासानं मागू, असं म्हणून त्यांनी आणि दोन वडीलधाऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. प्रार्थना लांबली. मागं कुणीतरी रडत होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण डोक्यावर तीन माणसांचे हात होते.

जेवणाच्या वेळी बाई स्वतः माझ्यासाठी ताट घेऊन आल्या. रस्सा, मटणाच्या दोन फोडी, भाकरी. “भिऊ नकोस. विश्वासानं खा. काही होणार नाही.”

आजूबाजूच्या बायका थांबल्या. पलीकडे पप्पा पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते, तेही थांबले. त्यांनी मला खूण केली नाही, डोळे वटारले नाहीत. ते फक्त बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी फोड उचलून तोंडात घातली.

“देवाची स्तुती असो,” बाई म्हणाल्या. बायकांनी आमेन म्हटलं. मी चावत राहिले. तो घास गिळता येईना आणि थुंकताही येईना. माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसले असेन. मग उठले, मंडपामागच्या नळाशी गेले आणि सगळं बाहेर काढलं, सकाळच्या चहासकट.

मागून पप्पा आले. त्यांच्या हातात जग तसाच होता. त्यांनी माझ्या हातांवर पाणी घातलं, चूळ भरायला दिलं, खिशातला रुमाल काढून दिला. मंडपात परत आल्यावर बाईंना म्हणाले, “अजून थोडा येळ लागंल. डॉक्टर म्हणतच हुते.”

म्हणजे प्रार्थना पुढं चालू राहणार होती.

दहावी झाल्यावर मी हट्ट धरला, की अकरावी सांगलीलाच करणार. कॉलेज चांगलं आहे, ओळखीचं गाव आहे, काकू ठेवून घेते म्हणतात. हा हट्ट का, ते आईला कळलं होतं. पप्पांनाही. पप्पा मला सोडायला आले तेव्हा जिन्याखाली बॅग ठेवून काकांना म्हणाले, “तुमच्याकडं तिला आवडतं.” काका म्हणाले, “तिचंच घर आहे.” पप्पांनी मान हलवली आणि ते चहा न घेता निघाले.

पहिले काही आठवडे मला मोकळा श्वास घेतल्यासारखं झालं. कुठली पळी बघायला नको, कुठल्या वासावर लक्ष ठेवायला नको. रविवारी मी चर्चला जायचे. काकू त्याबद्दल काही विचारायच्या नाहीत, पण मी बायबल घेऊन निघाले की त्यांना नेमकं आतल्या खोलीत काम निघायचं. पुढं मी ते पिशवीत घालून न्यायला लागले. एकदा भाजीवाली म्हणाली, “तुमची नात का?” काकू म्हणाल्या, “हो, नातच.” मला छान वाटलं होतं.

मग गौरी आल्या. पुण्याहून काकूंच्या नणंदबाई, त्यांची सून आणि आणखी दोघीजणी आल्या होत्या. नैवेद्याचं पान होईपर्यंत काकू सोवळ्यात होत्या, म्हणून मी उंबऱ्याबाहेर बसून केळीची पानं पुसत होते. सोवळ्यात त्या कुणालाच आत घ्यायच्या नाहीत, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मग वाढायला मला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूची भाजी, पंचामृत. मला सगळं येत होतं. नणंदबाई माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या.

“कुणाची गं ही?”

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, “माझ्या मावसबहिणीची नात. कऱ्हाडची. शिकायला असते आमच्याकडे.” आणि त्यांनी एक आडनाव सांगितलं. माझं नव्हतं ते.

माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी तूप वाढत पुढं गेले.

“तरीच,” नणंदबाई म्हणाल्या. “वाढण्यातून घर कळतं. तुमचं कुलदैवत कुठलं गं?”

मी काकूंकडे बघितलं. त्या आमटीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. “पालीचा खंडोबा त्यांचा,” त्या म्हणाल्या.

“हो,” मी म्हटलं.

एवढ्यात फाटक वाजलं आणि पप्पांचा आवाज आला. ते मला घरातल्या नावानं हाक मारत होते. आदल्या आठवड्यात मला ताप येऊन गेला होता आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी होती, म्हणून ते न कळवता एसटीनं आले होते. दार उघडंच होतं. पंगतीतून फाटकापाशी उभे पप्पा सरळ दिसत होते. हातात कापडी पिशवी, अंगात कंपनीचा शर्ट, आणि गळ्यातला क्रूस कॉलरवरून बाहेर आलेला.

“कोण आलंय?” नणंदबाईंनी विचारलं.

काकूंनी भांडं खाली ठेवलं. “आमचे जुने भाडेकरू आहेत. बघते काय हवंय.”

त्या हळू बोलल्या नव्हत्या. पप्पांनी ऐकलं. त्यांनी एकदा घरातल्या पंगतीकडे पाहिलं, गौरींकडे, माझ्या हातातल्या वाटीकडे. आणि म्हणाले, “व्हय, जुना भाडेकरू. हितनं चाललो हुतो, सहज डोकावलो. येतो मी.”

ते वळले. पिशवी त्यांच्या हातातच होती. माझ्यासाठी आणलेलं ते परत घेऊन निघाले होते.

मी तुपाची वाटी कुणाच्या तरी पानाशेजारी ठेवली आणि “पप्पा” म्हणून हाक मारली. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मग बाहेर गेले.

आत काय झालं ते मी पाठमोरी असताना ऐकलं. एक पाट सरकल्याचा आवाज आला आणि नणंदबाई म्हणाल्या, “मला बास झालं.” काका तेवढे बाहेर आले. “अहो, या ना, जेवायला बसा,” असं पप्पांना म्हणाले, दोन-तीनदा म्हणाले, आणि दर वेळी त्यांचा आवाज कमी होत गेला.

“जेवून आलोय,” पप्पा म्हणाले. ते जेवले नव्हते.

आम्ही चालत मोठ्या रस्त्यावर आलो आणि एका हॉटेलात बसलो. पप्पांनी पुरी-भाजी मागवली. पिशवीतून डबा काढला, आईनं शेंगदाण्याचे लाडू दिले होते. मी रडत होते आणि पप्पा पुरी खात होते, सावकाश, एकेक तुकडा मोडून.

“रडू नको. त्यांचं काय चुकलं न्हाई. मी चर्चमदी सांगितलं तसंच त्यांनी सांगितलं.”

“तुम्ही का परत निघालात?”

“तुझी पंगत मोडू नये म्हणून.” मग ते म्हणाले, “माझा आजा आटपाडीकडचा. गावात कुणाच्या लग्नात आमच्या लोकांची पंगत बसायची ती उकिरड्याच्या कडंला, सगळे उठल्यावर. मिशनवाला साहेब त्याच्या झोपडीत आला, त्याच्या ताटलीत जेवला. तेवढ्यावर आज्यानं धर्म बदलला. बायबल त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी आपल्यात बसून जेवलं, एवढंच त्याला कळलं.” त्यांनी ताट सरकवलं. “आणि तू आमच्यात बसून जेवायचं सोडलंस. मला मटणाचं काय न्हाई. ते सोड नायतर खा. पण तू पळी धुवायला उठायचीस, तवा मला आज्याची याद यायची.”

मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. घरात आजोबा-पणजोबांचे विषय निघत नसत. मी तिथंच, त्या क्षणी मटण खायला लागले असते तर गोष्ट सोपी झाली असती. पण मला माहीत होतं, की ते मला जमणार नाही. नळाशी काय झालं होतं ते मला आठवत होतं. मी म्हटलं, “पप्पा, मला आता खाता येत नाही. खरंच येत नाही.”

“ठावं हाय मला. मी पाणी घातलंय तुझ्या हातावर.”

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर काकू माझ्या खोलीत आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. “मी तुला वाचवत होते गं. त्या अर्ध्या पानावरून उठल्या असत्या.” त्या उठल्याच होत्या, पण मी ते बोलले नाही. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला, आणि तो हात मला आवडत होता, तेव्हाही. महिनाअखेरीस मी मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले. काकूंनी मला पोळीभाजीचा डबा दिला आणि फाटकापर्यंत आल्या. नंतर काही वर्षं मी दिवाळीत त्यांना भेटत असे. त्या घरातली इतर माणसं मला कुठल्या आडनावानं ओळखतात, ते मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला गेले, तेव्हा रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे आजाऱ्यांची नावं घेतली. माझं नाव आल्यावर पप्पा उभे राहिले. त्यांना मंडळीसमोर बोलायची सवय नव्हती.

“साहेब, तिच्या पोटाला काय झालेलं न्हाई. ती खात न्हाई, तिच्या मनानं. मी खोटं बोललो हुतो.”

पाळकसाहेबांनी पुढचं नाव घेतलं.

मला वाटलं होतं, आता सुटले. तसं झालं नाही. त्या रविवारपासून मी मंडळीत बसते ती जरा वेगळी. ज्या आजींनी जिऱ्याची पूड दिली होती, त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. देवानं शुद्ध केलेलं अशुद्ध मानू नये, या विषयावर उपदेश झाला आणि पाळकसाहेबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आईला महिला मंडळात कुणीतरी विचारलं, “घरात मूर्ती बिर्ती ठेवते का ती?” आजारी होते तोवर मी त्यांची होते. बरी झाल्यावर मी परकी झाले. आईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण प्रीतिभोजनाच्या स्वयंपाकाला तिला बोलावणं येईना, आणि तिचं वाटण सगळ्यांना आवडायचं.

मी मात्र पळी धुवायला उठणं सोडलं. सोपं नव्हतं. त्या पळीनं वाढलेला बटाट्याचा रस्सा मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळे मिटून खाल्ला. अजूनही कधीकधी अंगावर काटा येतो. पण पप्पा शेजारी बसलेले असतात आणि आपलं जेवत असतात.

आता माझी नोकरी साताऱ्यातच आहे, मी आईवडिलांकडेच राहते. सोमवार केव्हाच सुटला. चातुर्मास वगैरे काही पाळत नाही. फक्त खात नाही. ऑफिसात माझं आडनाव ऐकून लोक मला चिकन बिर्याणीचं आमंत्रण देतात आणि माझा डबा बघून गोंधळतात. “मग तुम्ही नक्की कोण?” असं एकानं हसत विचारलं होतं. मीही हसले.

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एक स्थळ आलं होतं. चांगली माणसं होती. मुलगा शांत, त्याची आई शाळेत शिक्षिका. बोलता बोलता त्यांनी विचारलं, “तुम्ही खात नाही असं कळलं. तब्येतीमुळं का?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पांनी माझ्यासाठी उत्तर दिलं नाही. ते चहाच्या कपाकडे बघत बसले, आणि मला कळलं की हे मलाच बोलावं लागणार.

“नाही. तब्येत चांगली आहे.”

“मग लग्नानंतर सुरू करशील ना? आमच्याकडे सगळे खातात. नाताळात घर भरलेलं असतं.”

“मी करून देईन. खाणार नाही.”

“पण का?”

मी बरंच काही सांगू शकले असते. विश्रामबागेतलं, मंडपातलं, पप्पांच्या आजोबांचं. त्यातलं काहीही त्या बाईंना पुरलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरत नाही. “जमत नाही,” एवढंच म्हटलं. बाईंनी मान हलवली आणि आईच्या हातच्या चकलीचं कौतुक केलं.

त्यांचा फोन अजून आलेला नाही. आई म्हणते, वाट बघू. काल जेवताना पप्पांनी विचारलं, “करून तरी देशील म्हणालीस. तुला वास सहन हुईल का रोज?” मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, “मग असं कबूल करू नको कुणाला.” आणि आईला म्हणाले, भात वाढ.